स्वेतानाबाईंनी नावं ठेवली

बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या जुन्या कारागीर गल्लीत नव्यानं गाजू लागलेल्या त्या हॉटेलात रालित्सा सासूबाईंना घेऊन गेली. स्वेतानाबाईंनी बसता बसताच तोंड सोडलं. "हे स्टूल आहे की कोंबड्यांनी बसायचा दांडा? आणि ती गाणी जरा हळू लावा, माझे कान अजून शाबूत आहेत!"

तारातोर, म्हणजे काकडी-दह्याचं गार सूप आलं, तेही काचेच्या बरणीत. एक चमचा चाखून त्यांनी वेट्रेसला हाक मारली. "पोरी, याला तारातोर म्हणता? लसूण कुठाय? आणि काकडी चिरलीय की कुऱ्हाडीनं फोडलीय?"

वेट्रेसचा चेहरा पडला. शेजारची माणसं वळून बघायला लागली. भाजलेल्या मिरच्या मात्र बाईंना पसंत पडल्या. "ज्यानं या भाजल्यात ना, त्यालाच तारातोर करू दे," म्हणत त्यांनी पावानं ताटली पुसून घेतली.

रालित्सा उठून दाराबाहेर आली. मागोमाग वेट्रेसही आली. "ताई, माफ करा हो. दुसरं आणून देते."

"अगं, माफी कसली मागतेस!" रालित्सानं तिला मिठीच मारली आणि नवऱ्याला फोन लावला. "बोयान, आई भांडली! अगदी पूर्वीसारखी!"

बोयानचे वडील गेल्यापासून वर्षभर आईनं पुढ्यात येईल ते मुकाट्यानं गिळलं होतं, कशालाही नाव न ठेवता.

पलीकडून बोयान म्हणाला, "उद्याचंही टेबल सांगून ठेव."