माघारीचं पनीर

कल्पना करा, उद्या तुमच्या कुत्र्याची पोहण्याची स्पर्धा आहे आणि तो तळ्यात पंजासुद्धा बुडवत नाही.

ऋजुताच्या ढब्बूचं तसंच चाललं होतं. पाण्यापर्यंत जायचा, बिचकून मागे पळायचा. मग ती त्याला कुरवाळून डब्यातला पनीरचा तुकडा भरवायची.

"अगं, पुन्हा तेच!" शिकवणाऱ्या नलूताईंनी कपाळावर हात मारला. "मागे पळाला की पनीर! तो पाण्यात कशाला जाईल?"

"मग ओढू त्याला?"

"मुळीच नाही! ओढलंस तर उद्या तळं बघूनच पळेल. काय करू मी या पोरीचं!"

ऋजुता रडकुंडीला आली. ढब्बू पुढच्या तुकड्याची वाट बघत आरामात बसला होता. डबा उचलून ती गुडघाभर पाण्यात जाऊन उभी राहिली आणि तिथे तिने झाकण उघडलं.