सम्यकची गाडी

“आज लवकर चालू होणार नाय,” सत्यम म्हणाला आणि त्यानं मोटारसायकलवरचं कव्हर बाजूला केलं. त्यानं चोक ओढला, किका मारल्या. बऱ्याच वेळानं इंजिन धापा टाकत चालू झालं.

करुणाबाई दारात उभ्या होत्या. आवाज ऐकताच आत बसलेले त्यांचे यजमान धम्मपाल उठले, चपला पायात सरकवल्या आणि कुणाशी न बोलता कोपऱ्यावर निघून गेले. दर रविवारी ते असेच जायचे.

गाडी त्यांच्या मुलाची, सम्यकची. दिवाळीनंतरच्या एका सकाळी बजाजनगरात दाट धुकं पडलं होतं. असल्या धुक्यात गाडी नको, असं म्हणून करुणाबाईंनीच त्याला चालत कंपनीच्या बसथांब्यावर पाठवलं. थांब्यापाशी एका टेम्पोनं त्याला उडवलं. तो जागीच गेला. गाडी अंगणात तशीच उभी राहिली.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले आणि मग सत्यम दारात आला. तिशीचा, अंगानं किरकोळ. सम्यकच्या ओळखीतला आहे म्हणाला. थंडीत गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी बसते, ऑइल घट्ट होतं; तुम्हाला चालत असेल तर रविवारी येऊन बघत जाईन, म्हणाला.

करुणाबाई बराच वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग आत जाऊन चावी घेऊन आल्या.

हिवाळाभर तो आला. चेन पुसून तेल द्यायचा, टायरात हवा भरायचा, बॅटरी काढून चार्ज करून आणायचा. इंजिन गरम होईस्तोवर हलक्या हातानं रेस द्यायचा, पण गाडीवर बसून गल्लीबाहेर कधी गेला नाही. आधी चहालाही नको म्हणायचा. पुढं पायरीवर टेकायला लागला. करुणाबाई सम्यकच्या लहानपणाचं सांगायच्या, तेव्हा तो मान खाली घालून एकच जागा पुसत राहायचा.

एकदा धम्मपाल म्हणाले, विकून टाकू, मला तो आवाज सोसत नाही. करुणाबाईंनी ऐकलं नाही.

फेब्रुवारी संपत आला. ऊन चटके द्यायला लागलं. त्या रविवारी सत्यमनं गाडी पुसली आणि चावी पुढं केली.

“थंडी सरली, मावशी. आता मी येत नाय.”

करुणाबाईंनी चावी घेतली नाही. गाडी आता त्यानंच ठेवावी, असं त्या म्हणाल्या. सत्यम दोन पावलं मागं सरला.

“मला नाय घेता यायची.”

“का?”

करुणाबाई पायरीवर बसल्या. त्याला शेजारी बसायला लावलं. त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

“तू आमच्या दारात यायच्या आधीच पोलिसांनी मला जबाब द्यायला बोलावलं होतं. तवा तू तिथं बाकड्यावर मान खाली घालून बसला होतास. म्या हवालदाराला इचारलं, टेम्पो कोण चालवत होतं? त्यानं तुझ्याकडं बोट केलं.”

सत्यमनं चावी दोघांच्या मधे पायरीवर ठेवली.

“उद्या कोर्टात तारीख हाय ना तुझी? सकाळी हीच गाडी काढ,” करुणाबाई म्हणाल्या. “मी मागं बसते.”