आवाज न घेता

लघुपटासाठी भाड्याने आणलेल्या दोन कॅमेऱ्यांची तुलना करायची होती, म्हणून बाबांना दोन्हींसमोर बसवलं. “काहीही बोला. आवाज घेत नाहीये.”

“नक्की ना? मग तू बाहेर हो.”

बाबा बराच वेळ बोलत होते.

त्यांना जाऊन आज महिना झाला. मोरिवलीच्या कारखान्यात हिरामणकाका तीस वर्षं त्यांच्या शेजारच्या मशीनवर होते. त्या खडखडाटात दोघं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायचे. काकांना सगळं सांगून मी दोन्ही चित्रणं दाखवली.

“हा कॅमेरा बरा. ओठ स्पष्ट दिसतात.” शेवटपर्यंत बघून काकांनी लॅपटॉप हळूच मिटला.

“काय म्हणाले बाबा?”

“आवाज घेत नाही, असं सांगून बसवलं होतंस ना त्याला? मग राहू दे, पोरी.”