उत्तरेची भिंत

आईचा देह आत ठेवलेला होता आणि डेलफीन घराच्या उत्तरेच्या भिंतीवर कुदळ मारत होती. घरात माणूस गेलं की नवाहो लोक त्याला दारातून नेत नाहीत, उत्तरेला भगदाड पाडून नेतात. पण या सरकारी घरांच्या भिंती जिवंत होत्या. खिळ्याचं भोकसुद्धा त्या न विचारता बुजवून टाकत.

“हेही बुजलं तर आई आतच अडकेल, मावशी.”

“ही भिंत तरी विचारल्याशिवाय बुजू नये म्हणून ती सरकारी साहेबांशी जन्मभर भांडली. मार जोरात, जेवली नाहीस का?”

माती कोसळली. भगदाडाच्या कडा पुढे सरकल्या, मग थबकल्या.

“बुजवू का?” घराने विचारलं.

“नको,” डेलफीन म्हणाली.

दोघींनी आईला उचललं. वाटली होती त्याहून ती हलकी निघाली.