बाकावरची धूळ

"आता लोकशाही कधीच आजारी पडणार नाही," विधानसभेचे अध्यक्ष गरजले आणि तोंड उघडं ठेवूनच थिजले. नेट गेलं होतं. साथ आल्यापासून आमदार घरीच असत. बाकांवर त्यांच्या प्रकाशाच्या प्रतिमा बसत आणि पक्ष सांगेल तसं मत देत. ही सोय कायमची करणारं विधेयक आज मताला होतं.

इतक्यात आमदार यमुनाबाई तडवी मास्क लावून स्वतःच आत आल्या.

"माझं मत विरोधात."

"ताई, तुम्ही आत्ताच होय म्हणालात," पुन्हा हलू लागलेले अध्यक्ष म्हणाले.

"ती म्हणाली. तिला ना गाव, ना ताप."

एक जरी आमदार प्रत्यक्ष हजर असला, तर कोणत्याच प्रतिमेचं मत मोजू नये, हा नियम सभागृहानंच केला होता. कुणी येईल असं वाटलंच नव्हतं. विधेयक शून्य विरुद्ध एक मतानं पडलं.

यमुनाबाईंनी बाक वाजवला. धुळीचा लोट उठला.

"मार्शलदादा," त्या शिंकत म्हणाल्या, "एक फडकं द्याल का? उद्याही बसायचंय."