अंगात न येणारा देव

सोनीबाईनं अंगणात पाट मांडला, पुढं मूठभर ज्वारी टाकली, खापरातल्या निखाऱ्यांवर ऊद घातला आणि रायसिंगला म्हणाली, "बठ भाऊ. आते तुन्हा देव अंगमा येऊ दे."

आपला उपदेशक असा पाटावर बसलेला मिशनच्या साहेबानं पाहिला असता, तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. तरी रायसिंग बसला. समोर गोधडीवर तिचं पोर, नवल, मानमोडीच्या तापानं फणफणलं होतं. साथीनं अर्धी वस्ती आडवी केली होती. ज्याच्या अंगात देव यायचा तो भगत फत्तेसिंगही त्या साथीतच गेला. म्हणून म्हसावदच्या बाजारात उपदेश करणाऱ्या रायसिंगला सोनीबाईनं हाताला धरून घरी आणलं होतं.

"सोनीबाई, आमना देव असा अंगमा येस नही."

"तूच बोलना व्हता ना बजारमा? देव मानूस व्हईसन उना म्हने."

"उना, खरं शे. पन भगतना देव अंगमा येस, घुमस, निंघी जास. हाऊ निंघी गया नही. मायना पोटे जन्मले उना, भूक्या ऱ्हायना, मार खादा. मरना बी."

"मरना?" सोनीबाई त्याच्याकडे बघतच राहिली. "मरेल देव मन्हा पोऱ्याले काय वाचाडी?"

मिशनच्या शाळेत याचं उत्तर त्याला शिकवलं होतं. पण या अंगणात ते तोंडातून निघेना.

"नुसतं बोल भाऊ, पोऱ्या जगी. एकडाव बोल. मी तुन्हा पाया पडस." आणि तिनं खरंच त्याच्या पायांवर डोकं टेकलं.

रायसिंगचा बापही भगतच होता. मान कशी टाकायची, खांदे कसे उडवायचे, आवाज कुठून काढायचा, हे सगळं त्यानं लहानपणीच बघून ठेवलं होतं. किती सोपं होतं ते! उदाच्या वासानं त्याचा एक खांदा हललासुद्धा. सोनीबाईनं आशेनं वर पाहिलं.

त्यानं दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला. "नही व माय," तो म्हणाला आणि ढसाढसा रडू लागला.

सोनीबाई ओरडली नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत. तिनं पोराला मांडीवर ओढून घेतलं. त्याचा श्वास आता थांबून थांबून येत होता, घशात घरघरत होता.

"तुन्हा देव मरना, तवय त्यानी माय कोठे व्हती?" तिनं विचारलं.

"जोडेच व्हती. उभी."

"तिले कोनी पानी तरी पाजं का?"

बायबलातला त्या मरणाचा उतारा रायसिंगला तोंडपाठ होता. कितीतरी बाजारांत त्यानं तो म्हणून दाखवला होता. त्या मायला कुणी पाणी पाजलं का, एवढंच त्यात नव्हतं.

तो पाटावरून उठला आणि मडक्यातून वाटीभर पाणी घेऊन आला. तो बाटला तेव्हापासून वस्तीत कुणी त्याच्या हातचं पाणी प्यायलं नव्हतं. सोनीबाईचे दोन्ही हात पोराखाली होते. ते तिनं काढले नाहीत. तोंड तेवढं पुढं केलं.