तिसरी वस्तू

"त्रास कधीपासून आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"वर्ष झालं असेल," ताई म्हणाली.

"मी यांना विचारतेय."

ताईने खुर्ची इंचभर मागे घेतली. तपासायला धाकटी बहीण आली होती, ती नुसती सोबत होती, हे खरंच. पण एकोणीस वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहिलेल्या माणसाला टेबलाच्या अलीकडे बसून गप्प राहणं जड जातं. गल्लीत तिला अर्ध्या डॉक्टर म्हणत. उरलेला अर्धा भाग नुसता कागदाचा असतो, असं तिचं मत होतं.

"दहा महिने," धाकटी म्हणाली. "ओटीपोटात दुखतं. संबंध आला की कधीकधी रक्त जातं."

ताई हे पहिल्यांदाच ऐकत होती.

दुकानाच्या काउंटरला दोन टोकं होती. उजवीकडे मालक, तिथे पुरुष. डावीकडे ताई, तिथे बायका. बाई आली की आधी खोकल्याचं औषध मागायची. मग टूथपेस्ट. तिसरी वस्तू ती मागायचीच नाही. नुसती वजनाच्या काट्याकडे बघत उभी राहायची. ताईला तेवढं पुरे. अंगावरून जातंय, खाज सुटलीय की पाळी चुकलीय, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. वस्तू खाकी पिशवीत घालायची, पिशवी तीनदा दुमडायची आणि वर दोन पिना ठोकायची. या पद्धतीत एका बाईकडे खोकल्याच्या तेरा बाटल्या साठल्या. एकीला तर खरोखरच खोकला होता. ताईने तिला मलम दिलं. तिनेही ते मुकाट्याने नेलं, आणि आठवड्याने येऊन खोकला थांबल्याचं सांगून गेली.

"माझ्याकडे बाईला तोंड उघडावं लागत नाही," ताई अभिमानाने सांगायची. मग सख्ख्या बहिणीला ती कशाला उघडायला लावेल? लग्नानंतर काही महिन्यांनी धाकटी दुकानात येऊन काट्याकडे बघत उभी राहिली, आणि ताईने ताडलं. पांढरं जातंय. नव्या नवरीला व्हायचंच. बुरशीचं मलम. पुढच्या खेपेला मलम आणि गोळी. त्याच्या पुढच्या खेपेला जरा जोरदार गोळी. धाकटी रस्ता ओलांडून येईपर्यंत पिशवीला पिना मारून झालेल्या असायच्या. घरच्या माणसाची एवढी सोय तर बघायलाच हवी.

डॉक्टरीणबाईंनी आधीच करून घेतलेल्या तपासण्यांचा रिपोर्ट टेबलावर सरकवला.

"क्लॅमिडिया. शरीरसंबंधातून लागतो. बायकांना बऱ्याचदा कळतच नाही, आणि कळलं तरी बुरशी समजून मलमं लावत बसतात."

इथे वजनाचा काटा नव्हता. ताई पेपरवेटकडे बघू लागली.

"मिस्टरांना काही त्रास?"

"लघवीला जळजळ," धाकटी म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून. सिरप घेतो तो."

ते सिरप ताईला माहीत होतं. ऐन थंडीत धाकटीचा नवरा काउंटरच्या उजव्या टोकाशी ती बाटली खिशात कोंबताना तिने पाहिला होता. थंडीत उन्हाळी लागणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय, म्हणून मनात हसलीही होती. पण मालकाची गिऱ्हाइकं मालकाची आणि ताईची ताईची, एकमेकांना विचारायचं नाही, हा दुकानाचा नियम. म्हणजे नवराबायको एकाच आजारावरचं चुकीचं औषध एकाच काउंटरवरून, सहा फुटांच्या अंतराने, दहा महिने नेत होती. गुप्तता मात्र कडेकोट.

"दोघांनी बरोबरच गोळ्या घ्यायच्या. त्याने जंतू जातील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्मा काढला, आणि ताईला ते आवडलं नाही. "पण सोनोग्राफीत गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या फुगलेल्या दिसताहेत. तुम्हाला मूल हवंय म्हणालात. त्याचा शब्द मी आज देऊ शकत नाही. सुरुवातीलाच आला असतात तर वेगळं बोलले असते."

धाकटीने मान हलवली. एखादी वस्तू संपलीय असं दुकानदाराने सांगितल्यावर गिऱ्हाईक हलवतं, तशी.

"याआधी कुणाला दाखवलं होतं?"

ताईचे कान तापले.

"कुणालाच नाही," धाकटी म्हणाली.

ताईला हायसं वाटलं. असं वाटल्याची लाज वाटायला मात्र दवाखान्याचा जिना उतरावा लागला. शेवटच्या पायरीवर तिने धाकटीचं मनगट धरलं. रडू आलं की ती रागवायची, तशी रागावली.

"एवढं दुखत होतं, रक्त जात होतं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. परकी आहे का गं मी? एकदा यायचंस आणि सांगून टाकायचंस."

धाकटीने मनगट सोडवून घेतलं नाही.

"सांगायलाच यायचे, ताई," ती म्हणाली. "तीनदा आले. तिन्ही वेळा तू पिशवी हातात ठेवलीस आणि म्हणालीस, काही बोलू नकोस, मला कळलंय."